न बघता टायपिंग : मराठीतही शिकवूया

"सर, फोनवर बोललं की मराठी आपोआप टाईप होतं. मग बोटं कशाला झिजवायची?" सातवीतल्या एका मुलाने विचारलं. मी गप्प बसलो, कारण मी स्वतःच दोन बोटांनी अक्षरं शोधत टाईप करायचो.

मग टायपिंग शिकवणारा प्रोग्राम घेतला आणि रोज १५ मिनिटं बसू लागलो. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जनी तिथे ठेवायच्या, नजर पडद्यावर. मराठीसाठी इनस्क्रिप्ट निवडलं. त्यात मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'काका' लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात.

सुरुवातीला वेग उलट कमी झाला. मुलं नेमकी इथेच कंटाळून जुन्या सवयीवर जातात. पालकांनो, तेव्हा वेग विचारू नका, चुका किती कमी झाल्या ते विचारा.

त्या मुलाला आता उत्तर देतो. बोलून निरोप पाठवता येतो, पण निबंध लिहिताना आपण थांबतो, खोडतो, वाक्य फिरवतो. नजर कळा शोधत राहिली की मनातलं वाक्य निसटतं. शिवाय 'दिन' की 'दीन' हे आपणच ठरवायचं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पाचवीपासून संगणकाच्या तासाची पहिली १५ मिनिटं टायपिंगला द्यावीत, आणि ती फक्त इंग्रजीला नकोत. मराठी टाईप करणं अवघड वाटलं, तर मुलं मराठीत लिहिणंच सोडून देतील.