परक्यांच्या मुलांची लस

मिरज येथें डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, तेव्हां त्याच्या इमारतीस समुद्रापलीकडून पैसा आला. देणाऱ्यांचें कृष्णाकाठच्या लोकांशीं कांहीं नातेंगोतें नव्हतें. या गोष्टीचें स्मरण होण्यास कारण असें कीं, "आपल्याच मुलांचें पुरतें होत नाहीं, मग परराष्ट्रांतील मुलांच्या लशींसाठीं पैसा कां द्यावा?" असा प्रश्न आज पुष्कळ सुज्ञ पालक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचें उत्तरही प्रामाणिकपणें दिलें पाहिजे.

गरीब राष्ट्रांतील बालकांस लस मिळावी या हेतूनें २००० सालीं 'गावी' ही संस्था स्थापन झाली. तिच्या साह्यानें एक अब्जाहून अधिक मुलांस लस टोंचली गेली. भारतानेंही हें साह्य घेतलें, आणि २०२० सालीं दीड कोटी डॉलर देण्याचें वचन दिलें. परंतु २०२५ सालीं पुढील पांच वर्षांकरितां ११.९ अब्ज डॉलर हवे असतां ९ अब्जांहून थोडींच अधिक वचनें मिळालीं. अमेरिकेनें तर आपला हात आखडता घेत असल्याचें जाहीर केलें. ही तूट कोठें तरी लहान मुलांनाच सोसावी लागणार.

आतां आपल्याकडे पाहा. ऊसतोडीच्या हंगामांत बीडकडील कुटुंबें सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर येतात. त्यांच्या कोप्यांपर्यंत परिचारिका बर्फाच्या डब्यांतून लस नेते. "हें मूल बीडचें, याची लस बीडास" असें ती म्हणत नाहीं; कारण गोंवर तालुक्याची शीव ओळखत नाहीं. राष्ट्राची शीव तरी तो कशी ओळखील? भारतांतील पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला. तरीही आपल्या बाळांस ते दोन थेंब द्यावे लागतात, कारण पाकिस्तान व अफगाणिस्तान येथें तो रोग अद्यापि आहे.

हें साह्य म्हणजे अखंड भिक्षाही नव्हे. घेणाऱ्या राष्ट्रानें आपला वाटा उचलावा, आणि उत्पन्न वाढेल तसा तो वाढवावा, असा नियमच आहे. हें योग्यच होय.

विद्यार्थी मित्रहो, आज घरीं गेल्यावर आपल्या धाकट्या भावंडाचें लसीकरणाचें कार्ड पाहा, आणि एखादी तारीख चुकली असल्यास आईवडिलांस सांगा. मग विचार करा, कीं ज्या मुलाच्या घरीं असें कार्डच नाहीं, त्याचें आपण कांहीं लागतों कीं नाहीं? मिरजेच्या रुग्णालयास पैसा देणाऱ्यांनीं याचें उत्तर केव्हांच दिलें आहे.