आधी आपला हात

तापीकाठच्या मायबापांनो, गुरुजनांनो,

प्रकाशा गावाला आपण अभिमानाने ‘दक्षिण काशी’ म्हणतो. तापी-गोमाईच्या संगमावर स्नान, पितरांना तर्पण, केदारेश्वराचं दर्शन झालं की मन हलकं होतं. माणूस घाटाच्या पायऱ्या चढून घरी निघतो. मागे पाण्यावर डुलत राहते निर्माल्याची प्लॅस्टिक पिशवी, घट्ट गाठ मारलेली. ती गाठ मारताना शेजारी आपलं लेकरू उभं होतं. त्याच सकाळी परिपाठात त्याने स्वच्छतेचा सुविचार वाचला होता. आता सांगा, त्या दिवशी ते काय शिकलं?

फळ्यावर लिहिलेलं मूल्य घाटावर असं पुसलं जातं. परीक्षेतही तेच. दहावीच्या पेपराला खिडकीतून चिठ्ठी पोचवणारा हात पुष्कळदा घरच्याच माणसाचा असतो, आणि निकाल लागला की पेढेही तोच वाटतो! मग ‘पोरं बिघडली’ म्हणून मोबाइलला शिव्या कशाला?

साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयही सांभाळत. मुलांच्या नकळत ते त्यांच्या खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणं आवरून ठेवत. ना प्रवचन, ना छडी. मुलं ओशाळली आणि आपापलं आवरू लागली. अमळनेर बोरीकाठी; बोरी तापीला मिळते आणि तापी वाहत आपल्या घाटाला येते. पाणी आलं, गुरुजींची रीत मात्र वाटेतच कुठे अडली?

1954-55 च्या उत्खननात इथे प्रकाशा गावी ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती सापडली. हजारो वर्षं माणसाला पोसणारी ही नदी आपण कोणत्या तोंडाने पुढच्या पिढीच्या हवाली करणार?

म्हणून उठा! सोमवारची गर्दी ओसरली की मंगळवारचा परिपाठ घाटावर भरवा. निर्माल्य कुंडात टाका, पिशवी घरी न्या. परीक्षेच्या दिवशी खिडकीपासून लांब राहा. नापास झालेल्या पोराला जवळ घ्या, पण खोट्या मार्कांचे पेढे वाटू नका. घाटावर पहिला झाडू सरपंचांनी घ्यावा, दुसरा मुख्याध्यापकांनी, तिसरा तुम्ही-आम्ही. मुलांना मात्र कामाला हाक मारू नका, त्यांच्या हाती झाडू देऊ नका. नुसतं बघू द्या.

चार मंगळवार जाऊ द्या. पाचव्याला तीच मागतील.