बघण्यासारखं काय आहे?

माणसाची भुसावळला बदली झाली की ओळखीचे लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "साहेबांशी भांडण झालं का?" आणि दुसरा, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" पहिल्याचं उत्तर बँकेच्या गोपनीय बाबींत मोडतं. दुसऱ्यावर मात्र मला कडाकडा भांडायचं आहे. दीड वर्षात तो मला मुंबईच्या मेहुण्यापासून पुण्याच्या कॉलेजमित्रांपर्यंत सर्वांनी विचारला. त्याचंही काही वाटलं नसतं. पण खुद्द भुसावळकरही तोच विचारतात, आणि उत्तरादाखल हात झटकतात!

वास्तविक भुसावळ न पाहिलेला मराठी माणूस शोधूनच काढावा लागेल. मुंबईहून निघालेला रूळ सुमारे साडेचारशे किलोमीटर आला की इथं दुभंगतो. एक फाटा तापी ओलांडून खंडवा-इटारसीकडे, दुसरा अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरकडे. तेव्हा उत्तरेला जा की पूर्वेला, भुसावळ चुकत नाही. फक्त ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं रात्री अडीच वाजता, खिडकीची काच अर्धी वर करून, एक डोळा उघडून. तेवढ्या पुराव्यावर "तिथं काही नाही" असा निकाल! आमच्या बँकेत एवढ्या कागदपत्रांवर साधं बचत खातंसुद्धा उघडत नाहीत.

मागच्या डिसेंबरात पुण्याचे तीन मित्र येणार म्हणून आमच्या शाखेतल्या कॅशियरना मी सहज सांगितलं. हे अस्सल भुसावळकर. त्यांनी लगेच खिशातून फोन काढला. "भाऊ, गाडी सांगून देतो. भुसावयात काय पाह्यतीन ते? सकायीच अजिंठ्याले काढून द्या." घरी पाहुणे येताच पोचे पडलेली भांडी फळीच्या मागे सारावीत, तसा आवाज.

अजिंठ्याबद्दल माझी तक्रार नाही. १९८३ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि त्याला माझ्या शिफारसपत्राची गरज नाही. पण पाहुणा आला की त्याचा हात धरून शेजारच्या श्रीमंताचं झुंबर दाखवायला नेणाऱ्या यजमानाला काय म्हणायचं? आणि झुंबर बघून झाल्यावर त्याला परस्पर स्टेशनवर सोडायचं! मी गाडी दुसऱ्या दिवशीवर ढकलली. पहिला दिवस भुसावळचा.

सकाळी चांगदेवला गेलो. भुसावळपासून तासाभराच्या आतलं हे गाव. मुलताईहून आलेली तापी आणि विदर्भातून आलेली पूर्णा इथं भेटतात, आणि संगमाच्या काठावर जुनं दगडी देऊळ आहे. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर दूरदेशचे पक्षी उतरतात. त्यांना "बघण्यासारखं काय आहे" हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

चांगदेव हे तर आम्हा कारकुनांचं दैवत व्हायला हवं होतं. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. वयानं लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर तो ज्ञानानं मोठा. 'तीर्थरूप' लिहावं, तर तो वयानं लहान. शेवटी कोराच कागद पाठवला. आमच्याकडे अशी फाइल 'योग्य कार्यवाहीसाठी' म्हणून परत आली असती. तिकडे मुक्ताबाईंनी ताडकन शेरा मारला, की चौदाशे वर्षं जगून हा योगी कोराच राहिला! ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं. (चौदाशे वर्षं पेन्शन घेणारा खातेदार आणि त्याचे दर नोव्हेंबरातले हयातीचे दाखले, ह्या विचारानं मला देवळातच घाम फुटला.) पुढं ह्याच मुक्ताबाईंना चांगदेवांनी गुरू केलं, आणि परंपरा सांगते की त्या इथंच तापीकाठी गुप्त झाल्या. म्हणून तर एदलाबादचं मुक्ताईनगर झालं.

हे सगळं ऐकून आमचा एक मित्र म्हणाला, "छान आहे रे. पण इथं पॉइंट कुठला?"

पॉइंट! हिलस्टेशनला घोड्यावर बसून, कंबरडं मोडून घेऊन ह्यानं सात पॉइंट पाहिलेत. प्रत्येक ठिकाणी एक कठडा, एक दरी आणि एक कणीसवाला. तीच दरी सात वेळा पाहिली, पण पाट्या सात होत्या ना! माझं स्पष्ट मत आहे की ह्या लोकांना स्थळ दिसत नाही, पाटी दिसते. उद्या मी तापीच्या काठी 'कारकून पॉइंट' अशी पाटी ठोकली, तर हाच गृहस्थ पाठमोरा उभा राहून फोटो काढून घेईल.

संध्याकाळी कॅशियरांच्या चुलत्यांच्या शेतात भरीत होतं. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, आणि जोडीला कळण्याची भाकरी. जळगावच्या ह्या वांग्याला आणि केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन म्हणजे सरकारी पाटीच. तरीसुद्धा पॉइंटवाला मित्र चौथ्या भाकरीपर्यंत काही बोलला नाही.

तिथंच कॅशियरांची बारावीतली मुलगी वाढत होती. मित्रानं विचारलं, "बाळ, तू आम्हाला काय दाखवशील भुसावळात?" ती सहज म्हणाली, "काका, इथं काही नाही. आम्ही तर इथून जाणारच आहोत."

शिकायला जरूर जावं; स्टेशन दारातच आहे. पण सतरा वर्षं ह्या पोरीनं दर पाहुण्यापुढं बापाच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं आहे. तुम्ही म्हणता तो नम्रपणा. पाहुणा तो दोन दिवसांत विसरतो, पोरगी तो खरा धरते. परत यायचं की नाही हे ठरवायची वेळ येईल, तेव्हा तिच्या खात्यात गावाच्या नावावर शिल्लक शून्य! मी हे कॅशियरांना तिथंच, बडगीच्या शेजारी बसून ऐकवलं.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "भाऊ, तुम्ही दोन-तीन वर्षांनी बदलून जासान. मे महिन्यात हे सांगा."

मुद्दा बिनतोड आहे. इथं उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर चढतो, आणि त्या दिवसांत नळाच्या गार पाण्यानं अंघोळ करावी म्हटलं तर गार पाणीच नसतं. पण मी एक मे काढला आहे आणि दुसरा काढणार आहे. शिवाय राजस्थानातलं ऊन बघायला लोक पैसे भरून जातात.

रात्री मित्रांना स्टेशनवर नेलं. तिघांनाही आधी वाटलं, आपल्याला परत पाठवताहेत. गाडीत न चढता भुसावळ स्टेशन बघायची त्यांची ही पहिलीच वेळ. एका बाकावर तमिळ, एकावर बंगाली, आणि रेल्वे कॉलनीतल्या दोन आज्या लेवा बोलीत सुनेची उणीदुणी काढत बसलेल्या. गाडीचा चालक बदलला, गार्डही बदलला. (२०२२ पासून त्याला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पगाराचं माहीत नाही.) तासभर कुणी घड्याळ पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते अजिंठ्याला गेले. जावंच.

आता पुढच्या महिन्यात माझे नागपूरचे साडू येताहेत. कॅशियरांनी अजून गाडीचा विषय काढलेला नाही. वांगी मात्र सांगून ठेवली आहेत, असं त्यांच्या मुलीकडून कळलं.