कोणते ॲडेल ऐकावे?
माझ्या शिकवणीतल्या मुलींच्या तोंडी अलीकडे लंडनची गायिका ॲडेल असते. ती आपल्या संग्रहांना वयाचेच आकडे देते : '१९' (२००८), '२१' (२०११), '२५' (२०१५), '३०' (२०२१). लोकांचा कौल '२१'कडे; २०१२ चा ग्रॅमी सन्मानही त्यालाच. त्यातला आवेश मी मानतो. परंतु २०११ च्या अखेरीस तिच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली, हे शिकविणाऱ्याला विसरता येत नाही. '२५' बेताने गायिलेले वाटते. '३०' मध्ये घटस्फोटाचे दुःख ती लहानग्या मुलाला समजावते; आवाज टिपेला जातो तो कारण असेल तेव्हाच. वडील दरबारात गात. गवई मंद्रात पारखावा, असे ते म्हणत. माझा कौल '३०'ला. मुलींनी '२१' अवश्य ऐकावे, मात्र त्या जोराची नक्कल करू नये.