एका कपलरसाठी सबंध हार्नेस

मुंबईच्या उपनगरांत धावणाऱ्या रिक्षेला वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस प्रवेश नाही. परंतु तीच रिक्षा अंधेरीत किंवा घाटकोपरला बंद पडली आणि तिच्या वायरिंगमधला एखादा कपलर जळलेला निघाला, तर तिची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला मात्र लोकल पकडून ग्रँट रोड नाही तर मस्जिद गाठावे लागते. लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक माल आहे, नागदेवीत हत्यारे आहेत, लोहार चाळीत विजेचे सामान आहे. पण हवा तो कपलर या तिन्ही ठिकाणी मिळेलच असे नाही. कपलर मिळाला तर त्यात बसणारी पिन मिळत नाही, आणि पिन मिळालीच तर ती वायरीवर दाबून बसवणारे हत्यार परवडत नाही. अखेर कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरील भंगारातून, मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा, वीतभर वायरींसह कापलेला कपलर उचलायचा आणि गाठी मारून टेप गुंडाळायची. तोवर शिफ्टवर रिक्षा चालवणाऱ्याचा दिवस बुडालेला असतो.

ही बाजारहाटाची गैरसोय आहे असे समजून चळवळीतील माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करीत आली आहेत. वस्तुतः हा मालकीचा प्रश्न आहे. कर्ज काढून, हप्ते फेडून जी गाडी श्रमिकाच्या नावावर होते, ती दुरुस्त करण्याचा अधिकार विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवून घेतला आहे. त्यासाठी त्याला बेड्या घडवाव्या लागल्या नाहीत. प्लॅस्टिकचा एक इंचभर तुकडा पुरला.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही. मोजक्या वायरी, एक फ्यूजपेटी, साधे गोल जोड. एक दिवा आणि दोन वायरी हाती असलेला कारागीर तिचा दोष रस्त्याच्या कडेला शोधून काढी. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि तो काळ संपला. त्याआधीच, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष देशभर लागू झाले होते. धूर कमी व्हावा यासाठी दुचाकीपासून ट्रकपर्यंत सर्वत्र सेन्सर आले, इंधनाचा पुरवठा संगणकाच्या ताब्यात गेला. मुंबईची हवा श्वासात घेणारा कोणीही या सुधारणेला विरोध करणार नाही. तथापि सेन्सरकडून येणारा संदेश अत्यल्प विजेचा असतो. जोडात थोडा गंज चढला तर हेडलाइट केवळ मंद होतो. संगणकाचा मात्र बुद्धिभ्रंश होतो, आणि गाडी जागच्या जागी उभी राहते.

म्हणून जोड नीट बसणे हेच आता दुरुस्तीचे मर्म झाले आहे. पिनेला दोन जोड्या पंख असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला आवळते, मागची वायरीच्या वेष्टनाला. योग्य मापाच्या जबड्याने दाबले की पुढचे पंख आत वळून तारांचा इतका घट्ट गठ्ठा करतात की त्यात हवा शिरायला जागा उरत नाही. हवा नाही म्हणजे गंज नाही. मागचे पंख गाडीचा हादरा स्वतःवर घेतात. साध्या पकडीने चेपले तर पंख चपटे होतात, तारा सैल राहतात, जोड तापतो, आणि कधी वायरिंगच पेट घेते. डाग देऊन काम भागेल असे अनेकांना वाटते. पण डागाचे कथील वायरीत वर झिरपते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि मुलुंड-बोरिवलीच्या खड्ड्यांत नेमका तिथेच तुटतो. कपलरमधले रबरी सील फाटलेले असेल तर पहिल्याच पावसात आतले तांबे हिरवे पडते. हे सारे टाळणारे हत्यार काही अद्भुत नाही. पूर्ण दाब बसल्याशिवाय न सुटणारी रॅचेटची पक्कड, एवढेच ते आहे. फक्त प्रत्येक पिनेला वेगळा जबडा लागतो, आणि पिनांचे प्रकार शेकडो.

येथे मक्तेदारीचा प्रवेश होतो. कपलरवर अनेकदा त्याच्या मूळ कारखानदाराची खूण असते. पण कारखान्यांना लागणाऱ्या पिना हजारोंच्या रिळांनी विकल्या जातात, आणि ज्याला पाच पिना हव्यात तो त्या दारात गिऱ्हाईकच ठरत नाही. गाडीच्या कंपनीच्या काउंटरवर जावे तर उत्तर ठरलेले: कपलर सुटा येत नाही, हार्नेस घ्या. काही रुपयांच्या तुकड्यासाठी हजारो रुपयांचा सबंध हार्नेस! आणि हे तंत्राला अशक्य आहे म्हणून घडते असेही नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनी मोटरक्राफ्ट या नावाने वायरीच्या शेपटीसह सुटे कपलर विकते. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे देता येते ते मुंबईच्या उपनगरांत का देता येत नाही?

आपल्याकडेही न्यायनिवाडा झालेला नाही असे नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. ती खुल्या बाजारात उपलब्ध करा, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असे आदेश होते. पुढे दंड अपिलांत अडकला. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांचा दोष कायम ठेवला, पण दंडाची मोजणी सुट्या भागांच्या उलाढालीपुरती आकसली. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी उच्च न्यायालयांचे दरवाजे ठोठावले होते. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षाअखेरीस एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. आणि मूळ पळवाट तशीच आहे: सुटा भाग कशाला म्हणायचे हे जोवर कंपनी ठरवते, तोवर सबंध हार्नेस विकायला ठेवूनही भाग उपलब्ध आहेत असे तिला छातीठोकपणे सांगता येते.

कंपन्या सुरक्षिततेचा मुद्दा पुढे करतील. रस्त्यावरच्या कारागिराने वायरी कापल्या की आगी लागतात, असे त्या म्हणतात, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. मोठा हॉर्न, झगझगीत दिवे, गाण्यांचा डबा बसवण्यासाठी धड वायर सोलून तिला दुसरी गुंडाळण्याची सवय गॅरेजांत आहेच. ती धोक्याची आहे आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. पण ज्याला पिन आणि हत्यार मिळूच द्यायचे नाही, त्याने जोड वाईट केला म्हणून त्यालाच बोल लावायचा, हा कोणता न्याय? सुरक्षिततेची खरोखर चाड असेल तर कंपन्यांनी हत्यारे कुलपाबाहेर काढावीत.

यात आणखी एक विपर्यास आहे. हार्नेस ही आजही मोठ्या प्रमाणावर हातांनीच जुळवली जाणारी वस्तू आहे. पिना यंत्रावर दाबल्या जातात, पण फळ्यांवर वायरी ओढून, कपलरमध्ये खोवून, टेप गुंडाळण्याचे काम चाकणसारख्या पट्ट्यांत कामगारांची बोटेच करतात, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे घडवणाराही हातावर पोट असलेला, दुरुस्त करणाराही तसाच. मधे फक्त नफ्याचा काउंटर उभा आहे.

रिक्षाचालकांच्या संघटना भाड्यासाठी लढल्या, परवान्यांसाठी लढल्या, इलेक्ट्रॉनिक मीटरविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. दुरुस्तीचा खर्च मात्र त्यांनी प्रत्येकाचे खासगी नशीब मानला. गॅरेजच्या कारागिरांना तर धड संघटनाच नाही. जो तो आपल्या गाळ्यात, आपल्या पेटीसह एकटा. या दोघांनी एकत्र यायचे तर मागण्या अगदी ठोस आहेत. प्रत्येक कपलर, पिन आणि सील हा स्वतंत्र सुटा भाग मानला जावा; त्याचा क्रमांक, मूळ कारखानदार आणि त्याला लागणारा जबडा कंपनीने मराठीत व हिंदीत प्रसिद्ध करावा; पाच-दहा नगांत विक्री सक्तीची व्हावी. आणि ही हत्यारे एकट्याला परवडत नाहीत, तेव्हा मुलुंड, कुर्ला, बोरिवली येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ती सार्वजनिक खर्चाने ठेवावीत. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर त्या कार्यशाळांचे दरवाजे आसपासच्या कारागिरांना उघडे असावेत, नाममात्र भाड्याने, रविवारीसुद्धा. यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. या संस्था राज्य सरकारच्या आहेत, आणि पहिले निवेदन त्यांच्या प्राचार्यांकडे नेता येते.