मुखेडचा अकरा तासांचा दिवस

डिसेंबर लागला की एक सिद्धांत दरवर्षी नव्याने ऐकू येतो. हिवाळ्यातले सगळे सण मुळात एकच. दक्षिणेला गेलेला सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास माघारी वळतो, त्या आनंदाचे. नाताळ काय, संक्रांत काय आणि आपली येळवस काय! सिद्धांत देखणा आहे, पण मुखेडच्या अक्षांशावर तो टिकत नाही. मुखेड विषुववृत्तापासून जेमतेम पावणेएकोणीस अंश उत्तरेला. इथे वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा भरतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. लंडनमध्ये त्या दिवशी आठ तासही उजेड नसतो, सूर्य पंधरा अंशांवर चढून उतरतो. तिथे सूर्य हरवण्याची धास्ती समजू शकते. आपल्याकडे त्याच उन्हात ज्वारी निसवत असते.

येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. लातूर जिल्हा, मुखेड-देगलूरचा पट्टा आणि सीमेपलीकडचे बिदर, कलबुर्गी यांचा हा सण. गावे ओस पडतात, शिवारे भरतात. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, पुढे आंबील, भज्जी आणि उंडे. मग उभ्या पिकात आंबील शिंपत फेरी. या पूजेचा केंद्रबिंदू रान आहे. भज्जीत पडतात ते ओला हरभरा, तुरीचे आणि वालाचे दाणे, म्हणजे त्या दिवसांत रानात जे हाताशी आहे ते. अमावस्या आणि सर्वांत मोठी रात्र यांची सांगड घालण्याचा मोह होतो खरा, पण तिथी अयनदिनाला बांधलेली नाही. २०२२ मध्ये येळवस २३ डिसेंबरला आली आणि त्यानंतरची थेट ११ जानेवारी २०२४ ला. अधिक महिन्यामुळे २०२३ हे इंग्रजी वर्ष येळवसेविनाच गेले.

मग संक्रांतीचे काय? उत्तरायणाची वाट पाहणारा शरपंजरी भीष्म आठवला की सूर्याशी असलेले नाते नाकारता येत नाही. नाकारूही नये. मात्र संपातचलनामुळे संक्रांत अयनदिनापासून साधारण ७२ वर्षांना एक दिवस दूर सरकत गेली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास जुळलेल्या या दोन गोष्टींत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर आहे. मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीमुळे १९५७ मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिका आली आणि तिच्यात २२ डिसेंबरला १ पौष ठरला. घरोघरची संक्रांत मात्र जागची हलली नाही. दिवस मोठा होऊ लागण्याचा क्षण हाच सणाचा प्राण असता, तर ही तफावत लोकांनी शतकानुशतके खपवून घेतली नसती. पंचांग अयनदिनाशी जुळलेलेच हवे म्हणणाऱ्या, शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्या सायनवाद्यांना ती खुपली. वाणवसा करणाऱ्या बायांना नाही. त्यांना सुगडात भरायला हरभऱ्याचे घाटे, बोरे आणि उसाची कांडकी हवी असतात, आणि पिकांच्या हंगामाचे दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही.