काळभैरवाची नगरी आणि बारचा परवाना

उज्जयिनीच्या काळभैरवास मद्याचा नैवेद्य दाखविण्याची परंपरा जुनी आहे. त्या नगरीच्या महानगरपालिका हद्दीतील दारूची दुकाने व बार मात्र १ एप्रिल २०२५ पासून बंद झाले. मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने २४ जानेवारी २०२५ रोजी महेश्वरी, अहिल्याबाईंच्या राजधानीत बसून, तसा निर्णय घेतला. दुकान अन्यत्र हलविण्याचीही मुभा ठेवली नाही. नैवेद्य चालू राहिला. बाटली तेवढी भक्ताने बाहेरून आणावयाची!

तीर्थक्षेत्री दारू नको, या भूमिकेस आमचा विरोध नाही. परंतु हे वृत्त गोमंतकीय तरुणांनी निराळ्या कारणासाठी वाचावयास हवे. बार काढावा की नाही, याचा खल येथे पुष्कळ घरांत चालतो. बोलणे होते ते जागेचे, भाड्याचे, पर्यटकांचे. परवाना सरकारने दिलेला, मुदतीचा आणि काढून घेता येण्याजोगा असतो, हे कर्ज काढताना कोण ध्यानात घेतो? महामार्गालगतच्या दारूविक्रीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेल्या आदेशाने गोव्यातही अनेकांची झोप उडाली होती. पुढे, २०१७ मध्ये, सवलती मिळाल्या खऱ्या. पण तोवर भाडे थांबत नाही, आणि नोकरांचे पगारही.

उज्जयिनीच्या ठेकेदारांस निर्णयानंतर जेमतेम सव्वादोन महिने मिळाले. आमच्या अबकारी खात्याने निदान एवढे करावे : अशी बंदी घालण्याची वेळ आलीच तर किती महिन्यांची पूर्वसूचना मिळेल, हे नव्या परवानाधारकास लेखी कळवावे.